वाचकांचे प्रश्न: भाड्याचे घर, स्नानगृह आणि पुन्हा पुन्हा उगवणारी बुरशी

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही एका इमारतीच्या मधल्या मजल्यावर भाड्याने राहतो. स्नानगृहाला खिडकी नाही. छताजवळ एक एक्झॉस्ट फॅन तेवढा आहे. छताच्या एका कोपऱ्यात आणि शॉवरच्या भिंतीवरील टाइल्सच्या सांध्यांमध्ये काळे ठिपके येतात. मी ते ब्लीचने घासून काढते, पण काही आठवड्यांत ते त्याच जागी पुन्हा दिसू लागतात. मुलाला दमा असल्यामुळे मला फार काळजी वाटते. घरमालकांना सांगितले असता, ‘तुम्ही दार सतत बंद ठेवता, हा तुमच्या वापराचा दोष आहे,’ असे त्यांनी उत्तर दिले. ही बुरशी कायमची जाईल का, आणि त्यासाठीचा खर्च कोणी करावयाचा? – एक भाडेकरू वाचक

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत आणि दोन्हींचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: त्या छताला आणि त्या भिंतीला पाणी कोठून मिळते? ते कळले की सफाईची पद्धत ठरते आणि खर्चाची जबाबदारी कोणाची, हेही बहुतांशी ठरते. ते शोधल्याशिवाय केलेली सफाई कितीही कष्टाची असली, तरी ती काही आठवडेच टिकते, हे आपण अनुभवलेच आहे.

बुरशीचे बीजाणू घराबाहेरच्या आणि घरातल्या हवेत नेहमीच असतात आणि ते पूर्णपणे काढून टाकणे कोणत्याही घरात शक्य नसते. बुरशीला लागणारे अन्नही स्नानगृहात भरपूर असते. साबणाचा साका, त्वचेचे सूक्ष्म कण, रंगातील आणि धुळीतील सेंद्रिय द्रव्ये तिला पुरतात. माणसाला सुखाचे वाटणारे तापमान तिलाही मानवते. आपल्या हाती उरते ते पाणी. ओला झालेला पृष्ठभाग २४ ते ४८ तासांच्या आत पूर्ण वाळला, तर त्यावर बुरशी सहसा धरत नाही. म्हणून आपल्या छताचा तो कोपरा तेवढ्या अवधीत का वाळत नाही, हा खरा तपासाचा विषय आहे.

स्नानगृहातील भिंतीवर पाणी दोन वाटांनी येते. पहिली वाट हवेतून. २५ अंश सेल्सियसची हवा दर घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम बाष्प धरू शकते, तर १५ अंशांची हवा जेमतेम १३ ग्रॅम. गरम पाण्याच्या अंघोळीने बाष्पाने भरलेली हवा थंड छताला टेकली की उरलेल्या बाष्पाचे तेथेच पाणी होते. कोपऱ्यात हवा सर्वांत कमी खेळते आणि बाहेरच्या भिंतीलगतचा कोपरा बहुधा सर्वांत थंडही असतो, त्यामुळे ठिपके तेथे प्रथम उमटतात. दुसरी वाट बांधकामातून: वरच्या मजल्यावरील स्नानगृहाची गळती, भिंतीतील नळाची पाइपलाइन, सांडपाण्याची नळी किंवा टाइल्सखालील निकामी झालेले वॉटरप्रूफिंग.

या दोन्ही वाटा नुसत्या डोळ्यांनीही बऱ्याच अंशी ओळखता येतात. बाष्पामुळे आलेली बुरशी विखुरलेल्या ठिपक्यांची असते, ती वरच्या भागात, कोपऱ्यांत आणि कपाटामागे आढळते आणि अंघोळीनंतर आरशाप्रमाणे भिंतही ओली लागते. गळतीचा डाग एका ठिकाणाहून पसरत जातो, त्याला पिवळसर किंवा तपकिरी कड असते, रंग फुगून पोपडे सुटतात आणि स्नानगृह काही दिवस कोणी वापरले नाही तरी ती जागा ओलसरच राहते. अशी ओल चोवीस तास सारखीच राहत असेल, तर दाबाखालील नळाच्या पाइपलाइनची शंका घ्यावी, कारण तिच्यातून पाणी अखंड झिरपते. ओल कमी-जास्त होत असेल आणि वरच्या घरातील अंघोळीनंतर वाढत असेल, तर दोष सांडपाण्याच्या नळीत किंवा वरच्या फरशीत असण्याचा संभव अधिक.

तरीही शंका उरल्यास एक साधी चाचणी करावी. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा सुमारे एक फूट लांबी-रुंदीचा तुकडा, पृष्ठभाग पुसून कोरडा केल्यावर, चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करून संशयित जागी लावावा आणि एक-दोन दिवस ठेवावा. या काळात स्नानगृहाचा वापर नेहमीप्रमाणे चालू असावा, मात्र फॉइलवर थेट पाणी उडू देऊ नये. खोलीकडील बाजूवर थेंब आले तर पाणी हवेतून येत आहे, भिंतीकडील बाजू ओली निघाली तर ते बांधकामातून येत आहे. दोन्ही बाजू ओल्या निघणेही अशक्य नाही, आणि मग दोन्ही दोष दूर करावे लागतात. काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर त्या फॉइलचे छायाचित्र अवश्य घ्या. पुढे घरमालकांशी बोलताना त्याचा उपयोग होईल.

आता त्या पंख्याकडे वळू, कारण खिडकी नसलेल्या स्नानगृहात सारे काही त्याच्यावरच अवलंबून असते. पंखा चालू करून त्याच्या जाळीवर टिश्यू पेपर धरावा. कागद जाळीला चिकटून राहिला नाही, तर पंखा आवाज करतो आहे, पण हवा ओढत नाही, असे समजावे. पात्यांवर साचलेली धूळ हे त्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. त्याहून गंभीर दोष म्हणजे पंख्याची नळी इमारतीबाहेर न नेता फॉल्स सीलिंगच्या पोकळीतच मोकळी सोडलेली असणे. तसे असेल तर सारे बाष्प छताच्या वरच साचते आणि बुरशी वरून खाली उतरते. तिसरी गोष्ट दाराखालील फटीची. हवा आत यायला वाट नसेल तर चांगला पंखाही ती बाहेर टाकू शकत नाही, म्हणून दाराखाली सुमारे दोन सेंटिमीटर जागा हवी.

घरमालकांच्या दाराविषयीच्या आक्षेपाचेही येथेच उत्तर देतो. पंखा नीट चालत असेल, तर अंघोळीच्या वेळी आणि त्यानंतर वीस ते तीस मिनिटे पंखा चालू आणि दार बंद ठेवणे, हीच योग्य पद्धत आहे. बाष्प बाहेर गेल्यावर दार उघडावे. पंखा कुचकामी असताना दार उघडे टाकल्याने बाष्प नाहीसे होत नाही, ते शयनगृहातील कपाटामागच्या थंड भिंतीवर जाऊन बसते. तेव्हा दार बंद ठेवणे हा आपला दोष आहे, असे पंखा तपासल्याशिवाय कोणालाही म्हणता येणार नाही.

आपल्या बाजूने करण्यासारख्या गोष्टी मात्र आहेत, आणि त्या कराव्यात. अंघोळीनंतर रबरी वायपरने भिंती आणि फरशी निथळून काढणे हे एका मिनिटाचे काम असले, तरी जे पाणी पुढे बाष्प होऊन छतावर जाणार असते, त्यातील मोठा भाग त्यामुळे नाल्यात जातो. ओले टॉवेल आणि धुतलेले कपडे स्नानगृहात वाळत घालू नयेत. एक छोटा आर्द्रतामापक घेतल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही: अंघोळीच्या वेळी सापेक्ष आर्द्रता खूप वाढणे स्वाभाविक आहे, पण नंतर ती लवकर ६० टक्क्यांच्या खाली उतरली पाहिजे. तासन् तास ती वरच राहत असेल, तर वायुवीजन अपुरे आहे, याचा आकड्यांतला पुरावाच आपल्याला मिळतो.

सफाईविषयी. साधारण तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढ्या क्षेत्रापर्यंतची बुरशी घरच्या घरी काढता येते. त्याहून मोठी असल्यास, किंवा ती सांडपाण्याच्या गळतीमुळे आलेली असल्यास, अनुभवी व्यक्तीकडे काम सोपवावे. सुरुवातीलाच मुलाला घराबाहेर पाठवा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा लावा, पंखा चालू करा आणि दार लावून घ्या. कोरडी बुरशी कधीही खरवडू नका, कारण त्यामुळे लक्षावधी बीजाणू हवेत उडतात. आधी पृष्ठभाग ओला करावा. टाइल्स, काच आणि नळ यांसाठी डिटर्जंटचे पाणी आणि ब्रश पुरेसा असतो, मात्र शेवटी पृष्ठभाग कोरड्या कापडाने पूर्ण पुसला पाहिजे. मेलेली बुरशीही ॲलर्जी निर्माण करते, म्हणून ती मारण्यापेक्षा तेथून काढून टाकणे महत्त्वाचे.

ब्लीचने आपल्याला यश का आले नाही, तेही सांगतो. टाइल्ससारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर ब्लीच काम करते. प्लास्टर, जिप्सम आणि ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरलेले मिश्रण) हे सच्छिद्र असतात. तेथे क्लोरीनचा प्रभाव वरच्या थरातच संपतो आणि द्रावणातील पाणी मात्र आत मुरते. रंग उडाल्यामुळे जागा स्वच्छ दिसते, आतील तंतू जिवंत राहतात आणि त्यांना वर ओलावाही मिळतो. व्हिनेगरची शिफारस अनेक जण करतात. ते आम्ल असल्यामुळे संगमरवर आणि तत्सम नैसर्गिक दगडांवर कायमचे डाग पाडते, आणि वारंवार वापरल्यास सिमेंटचे ग्राउटही झिजवते.

सिलिकॉन सीलंटच्या, म्हणजे कडेच्या सांध्यांत भरलेल्या रबरासारख्या पट्टीच्या, आत शिरलेला काळेपणा कशानेही निघत नाही. जुने सीलंट कापून पूर्ण काढावे, सांधा स्वच्छ करून वाळू द्यावा, बुरशीरोधक सीलंट भरावे आणि निदान २४ तास त्याला पाणी लागू देऊ नये. छताचा रंग सुटत असेल तर तो खरवडून काढून (अर्थात ओला करूनच), छत पूर्ण वाळल्यावर नवा रंग द्यावा. ओल्या किंवा बुरशी असलेल्या छतावर थेट रंग देणे म्हणजे रोगावर पांघरूण घालणे होय, आणि काही महिन्यांत तो रंग पोपड्यांसह खाली येतो. भिजून मऊ पडलेला जिप्सम बोर्ड वाचवता येत नाही. तेवढा भाग कापून बदलावाच लागतो.

मुलाच्या दम्याविषयीची आपली काळजी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाचे विकार आणि दम्याचा त्रास वाढलेला आढळतो, हा त्यांतील निष्कर्ष आहे. काळ्या रंगाची प्रत्येक बुरशी ‘विषारी’ असते, हा समज मात्र चुकीचा आहे. ज्या स्टॅचिबॉट्रिस बुरशीची भीती घातली जाते, तिला सतत भिजलेला कागद किंवा जिप्सम बोर्ड लागतो. टाइल्सच्या सांध्यांतील काळेपणा बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा ऑरिओबॅसिडियम यांसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या बुरशींचा असतो. रंगावरून जात ओळखता येत नाही, आणि जात कळली तरी उपाय तोच राहतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील तपासणीवर पैसे घालवू नयेत. ते पंख्यावर खर्च करणे अधिक हिताचे. मुलाच्या डॉक्टरांना मात्र घरात बुरशी असल्याचे आवर्जून सांगा.

राहिला खर्चाचा प्रश्न. अंतिम शब्द आपला भाडेकरार आणि आपल्या ठिकाणचा भाडेविषयक कायदा यांचा आहे, म्हणून करारातील दुरुस्तीविषयीचे कलम प्रथम वाचावे. सर्वसाधारणपणे पाइपलाइन, वरच्या मजल्यावरील गळती, वॉटरप्रूफिंग आणि घराबरोबर दिलेला पंखा यांची दुरुस्ती मालकाकडे असते आणि दैनंदिन स्वच्छता, पंख्याचा वापर व दोष वेळेवर कळवणे ही भाडेकरूची कर्तव्ये मानली जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की, खिडकी नसलेल्या स्नानगृहात निकामी पंखा असेल, तर तेथील बाष्पाची बुरशी हा बांधकामाचा दोष ठरतो. भाडेकरूने अंघोळ करणे हा गैरवापर होऊ शकत नाही.

तोंडी तक्रारीवर थांबू नका. सफाई करण्यापूर्वी छायाचित्रे घ्या आणि त्यांत डागाशेजारी मोजपट्टी धरा. पुढेही त्याच कोनातून दर पंधरवड्याला घेत राहा. त्यानंतर लेखी कळवा. मजकूर साधारण असा असावा: ‘आपल्या सदनिकेतील स्नानगृहाच्या छतावर अमुक दिनांकापासून बुरशी येत आहे. सफाई करूनही ती त्याच जागी परत येते. पंख्याची चाचणी घेतली असता तो हवा ओढत नसल्याचे आढळले; फॉइल चाचणीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. घरात दमा असलेले मूल आहे. कृपया पुढील चौदा दिवसांत पाहणी करवून दुरुस्ती कधी होईल ते लेखी कळवावे. पाहणीसाठी आम्ही घर उपलब्ध करून देऊ.’ पत्रात आरोपाची भाषा नसावी आणि प्रत स्वतःजवळ ठेवावी. उत्तर आले नाही म्हणून परस्पर भाडे थांबवणे किंवा भिंत फोडणे टाळा. कायदेशीर सल्ला न घेता उचललेल्या अशा पावलामुळे न्याय्य बाजू असलेला भाडेकरूही अडचणीत येतो.

प्रश्न : बुरशीवर ब्लीच टाकले आणि ते पुरेसे वाटले नाही म्हणून लगेच टॉयलेट क्लीनर ओतला. तीव्र वास येऊन घसा आणि डोळे जळजळू लागले, तेव्हा मी बाहेर पडलो. यात धोका होता का? – एक वाचक

उत्तर : होय, गंभीर धोका होता, आणि आपण तात्काळ बाहेर पडलात हे फार बरे झाले. अनेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ब्लीचशी त्याचा संयोग झाला की विषारी क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर मिसळल्यासही तेच घडते. अमोनिया असलेल्या द्रवाबरोबर, म्हणजे काच पुसण्याच्या काही द्रवांबरोबरसुद्धा, ब्लीचपासून क्लोरामाइन वायू तयार होतात. खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही अजून होत असेल, तर आजच डॉक्टरांकडे जावे. फुप्फुसांवरील परिणाम काही वेळा कित्येक तासांनी दिसतो. असे पुन्हा घडल्यास मिश्रणावर पाणी ओतायला किंवा ते पुसायला आत थांबू नये, हवा पूर्ण खेळू द्यावी आणि मगच आत जावे. एका वेळी एकच रसायन वापरावे, आणि दुसरे वापरावयाचे असल्यास पहिले भरपूर पाण्याने धुऊन दुसऱ्या दिवशी वापरावे.

प्रश्न : मी माझी सदनिका भाड्याने देतो. आधीच्या भाडेकरूंच्या वेळी स्नानगृहाच्या छतावर बुरशी आली, म्हणून मी बुरशीरोधक रंग दिला. आताच्या भाडेकरूंच्या काळातही ती तेथेच आली आहे. अनामत रकमेतून सफाईचा आणि रंगाचा खर्च कापून घेणे योग्य ठरेल का? – एक घरमालक वाचक

उत्तर : माझ्या मते योग्य ठरणार नाही. दोन वेगवेगळ्या कुटुंबांच्या काळात बुरशी नेमक्या त्याच जागी येत असेल, तर कारण राहणाऱ्यांच्या सवयींत शोधण्यापेक्षा त्या जागेत शोधणे अधिक तर्कसंगत आहे. बुरशीरोधक रंगातील द्रव्य काही काळ वाढ रोखते. पाणी येतच राहिले तर त्याचा प्रभाव ओसरतो. वर, पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात दिलेली फॉइलची चाचणी आपणही करवून घ्यावी.

बाष्प हे कारण निघाल्यास पंख्यावर खर्च करा. लहान स्नानगृहासाठी ताशी सुमारे ८५ घनमीटर हवा बाहेर टाकणारा पंखा हे किमान प्रमाण सर्रास मानले जाते. मात्र ही क्षमता नळी आखूड, शक्यतो सरळ आणि थेट बाहेर उघडणारी असेल तरच प्रत्यक्षात मिळते. आर्द्रता वाढताच आपोआप सुरू होणारा किंवा दिवा बंद केल्यावरही काही मिनिटे चालणारा पंखा बसवल्यास भाडेकरूच्या लक्षात राहण्या-न राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

गळती निघाल्यास एक चूक टाळा. सांध्यांमध्ये नवे ग्राउट भरले की वॉटरप्रूफिंग झाले, असे अनेक कारागीर सांगतात आणि मालक त्यावर विश्वास ठेवतात. पाणी अडवणारा थर टाइल्सच्या खाली असतो. तो फाटला असेल तर वरच्या ग्राउटने काही महिने झिरपणे कमी होईल, थांबणार नाही. आपल्या छतावरील ओल वरच्या स्नानगृहाच्या फरशीतून येत असल्याची शंका असेल, तर त्या शेजाऱ्यांच्या संमतीने तेथील नहाणी ट्रॅप (फरशीवरील पाणी वाहून जाण्याचे तोंड) बंद करून फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवावे, पातळीची खूण करावी आणि २४ तास खालचे छत पाहत राहावे. छताला ओल फुटली तर फरशी दोषी ठरते आणि दुरुस्ती वरच्या बाजूनेच करावी लागते. पातळी टिकली आणि छतही कोरडे राहिले, तर तपास पाइपलाइन आणि नळ्यांकडे वळवावा. हे सारे ठरेपर्यंत भाडेकरूंना कामाची अंदाजे तारीख लेखी कळवा. वाद बहुतेक वेळा ओलीपेक्षा मौनामुळे वाढतात.

प्रश्न : आमच्या शॉवरभोवती गुलाबी बुळबुळीत थर येतो आणि भिंतीच्या खालच्या भागावर पांढरी भुकटी दिसते. या दोन्ही बुरशीच का? – एक वाचक

उत्तर : बहुधा दोन्ही नाहीत. गुलाबी थर सहसा सेराशिया मार्सेसेन्स या जीवाणूचा असतो. तो साबण आणि शाम्पूच्या अवशेषांवर वाढतो. डिटर्जंटने घासून, पाण्याने धुऊन जागा कोरडी ठेवली की तो आटोक्यात राहतो. निरोगी माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही, पण तो डोळ्यांना संसर्ग करू शकतो, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्सची डबी स्नानगृहात ठेवू नये.

पांढऱ्या भुकटीवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. ती विरघळली तर ते क्षार आहेत. भिंतीतून झिरपणारे पाणी पृष्ठभागावर येऊन वाळते आणि विटा-सिमेंटमधील क्षार मागे सोडते. क्षार स्वतः आरोग्याला अपाय करत नाहीत, परंतु भिंतीच्या आतून पाणी वाहत असल्याची ती खात्रीची खूण आहे. भिंतीच्या खालच्या भागात ते दिसत असतील, तर प्रथम भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातील भेगा पाहा, नंतर त्या भिंतीतून जाणारी नळाची पाइपलाइन तपासून घ्या. भुकटी पाण्याने धुऊ नका, कारण क्षार पुन्हा भिंतीत शोषले जातात. कोरड्या ब्रशने झटकून सुपलीत गोळा करा आणि टाकून द्या.